हसायचं कुणी, नटानं की वाद्यानं?

विनोदी अद्भुत कादंबरीवर चित्रपट निघणार म्हटलं की नायक कोण, नायिका कोण, दिग्दर्शन कुणाचं यावर महिनोन् महिने खल होतो. संगीतकार कोण, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो आणि घाईत सुटतो. विल्यम गोल्डमन यांची ‘द प्रिन्सेस ब्राइड’ ही कादंबरी १९७३ साली आली. रॉब रायनर यांनी १९८७ मध्ये तिच्यावर चित्रपट केला आणि संगीताचं काम ‘डायर स्ट्रेट्स’ या रॉक बँडच्या मार्क नॉफ्लरकडे दिलं. तलवारी, राजवाडे आणि राक्षसी उंदीर असलेल्या गोष्टीला रॉक गिटारवाला! ही निवड योग्य होती का, यावर एका मामा-भाचीत वाद झाला. मामानं हिंदी चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात आयुष्यभर व्हायोलिन वाजवलं आहे. भाची चित्रपटांची संकलक आहे आणि ही कादंबरी तिची लाडकी.

मामा: तुझा नॉफ्लर मला आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. बोटांत जादू आहे त्याच्या. पण या सिनेमात पडद्यावर कडे, किल्ले, दौडणारे घोडे, आणि कानांवर काय? कीबोर्डची बटणं दाबून काढलेल्या स्ट्रिंग्ज! चाळीस माणसं एकदम बो ओढतात तेव्हा त्या आवाजाला एक श्वास असतो. तो इथे नाही. त्यामुळे ते अख्खं राज्य पुठ्ठ्याचं वाटायला लागतं.

भाची: पुठ्ठ्याचंच आहे ते, मामा. तू सिनेमा पाहिलास, कादंबरी वाचली नाहीस. गोल्डमन पहिल्या पानापासून थापा मारतो. म्हणे फ्लोरिन देशातल्या एस. मॉर्गनस्टर्न नावाच्या लेखकानं एक अगडबंब ग्रंथ लिहिला होता. म्हणे लहानपणी वडिलांनी त्यातला कंटाळवाणा भाग गाळून तो वाचून दाखवला, आणि आता गोल्डमन फक्त चांगला भाग आपल्याला देतोय. मॉर्गनस्टर्न नाही, फ्लोरिन नाही, मूळ ग्रंथही नाही. गोष्ट रंगात आली की हा मध्येच तोंड घालतो, इथली साठ पानं उडवली म्हणून सांगतो. पहिल्या आवृत्तीत तर त्याची ही लुडबुड लाल शाईत छापली होती. आता सांग, असल्या गोष्टीला तुझं खरंखुरं राज्य कशाला हवं?

मामा: कशाला म्हणजे? थाप मारणाऱ्याचा चेहरा सरळ नको? ‘रॉबिन हूड’ आठव, एरॉल फ्लिनचा, १९३८चा. एरिक वोल्फगांग कोर्नगोल्डनं त्याला संगीत दिलं आणि ऑस्कर घेतलं. तलवारबाजीचा सिनेमा कसा वाजायला हवा, हे त्यानंतर लोकांच्या कानांत पक्कं बसलं. ब्रासची ललकारी, स्ट्रिंग्जची धाव. गोल्डमनची थाप त्याच जातकुळीच्या गोष्टींवर उभी आहे ना? मग त्या गोष्टी जशा वाजतात तशीच तीही वाजू दे. विनोद करायला नट आहेत, संवाद आहेत. वाद्यानं हसायचं काम करू नये.

भाची: गंमत म्हणजे या शेवटच्या वाक्यावर आपलं एकमत आहे.

मामा: असायलाच हवं. आमच्याकडे कॉमेडी सीन आला की ठरलेलं असायचं. बासूनला खूण व्हायची, झायलोफोनवर दोन टिचक्या, कुणी घसरून पडला की स्लाइड व्हिसल. प्रेक्षकानं कुठे हसायचं ते आम्ही बोट धरून दाखवायचो. हसू यायचंही, पण पहिल्यांदाच. लोकनाट्यात सोंगाड्या राजाची टर उडवत असतो तेव्हा ढोलकीवाल्याकडे बघ. त्याचा ठेका एका मात्रेनंही ढळत नाही. तो सरळ वाजवतो म्हणून सोंगाड्या वाकडा चालू शकतो. एल्मर बर्नस्टाइननं ‘एअरप्लेन!’ला हेच केलं. ‘द टेन कमांडमेंट्स’ आणि ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ करणारा माणूस. १९८० साली त्या अचाट विनोदी सिनेमाला त्यानं असं संगीत दिलं, जणू विमान खरंच कोसळणार आहे आणि कुणीही चेष्टा करत नाहीये. हसून मुरकुंडी वळते ती त्या गांभीर्यामुळे.

भाची: ‘एअरप्लेन!’ हे विडंबन आहे. ज्याची टिंगल करायची त्याची हुबेहूब नक्कल तिथे लागतेच. ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’चंही तेच झालं, १९७५ मध्ये. नील इनेसनं त्याला संगीत केलं होतं, पण पायथन मंडळींनी त्यातलं बरंचसं बाजूला ठेवून डी वोल्फ या कंपनीच्या साठ्यातलं तयार भारदस्त संगीत लावलं. कारण पडद्यावर घोडे नव्हतेच. नोकर नारळाच्या करवंट्या वाजवत मागून धावतोय आणि कानांवर शाही ललकाऱ्या! विनोद त्या दरीत होता. ‘प्रिन्सेस ब्राइड’मध्ये घोडे खरे आहेत, मामा. इनिगो मोंतोयाचं दुःखही खरं आहे. अकराव्या वर्षी बाप डोळ्यांदेखत मारला गेला, त्यानंतर वीस वर्षं तलवार घोटत आणि मारेकऱ्याला ऐकवायचं एकच वाक्य घोकत तो हिंडतोय. त्याच्या मागे कोर्नगोल्डछाप ललकारी लाव. १९८७चा प्रेक्षक इनिगोलाच हसला असता.

मामा: का हसला असता? भव्य वाजलं की ती चेष्टाच, हे कुणी ठरवलं?

भाची: तोपर्यंतच्या विडंबनांनी ठरवलं. तू आत्ता नाव घेतलंस त्या ‘एअरप्लेन!’नं, मी घेतलं त्या ‘होली ग्रेल’नं. विनोदी सिनेमात थाटाचा वाद्यवृंद ऐकला की लोक कान टवकारून विनोदाची वाट बघायला लागतात. गोल्डमनला साहसकथेची टिंगल करायची नव्हती. त्याला ती मनापासून आवडत होती, फक्त तसं उघड म्हणायला लाज वाटत होती, म्हणून मध्ये मध्ये थट्टा. विडंबनाला नक्कल पुरते. असल्या लाजऱ्या प्रेमाला नवा आवाज लागतो. त्याच्या लेखणीतून पडद्यावर येणारी गोष्ट अनपेक्षित माणसाच्या हाती देण्याचा प्रयोग आधीही झाला होता. ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ची पटकथा गोल्डमनची, १९६९ची. घोडे, दरोडे, पिस्तुलं, आणि संगीत बर्ट बॅकरॅकचं! पॉप गाणी करणारा माणूस. सायकलवर नायक-नायिका फिरताहेत आणि मागे विसाव्या शतकातलं गाणं. गाण्यालाही ऑस्कर, पार्श्वसंगीतालाही ऑस्कर.

मामा: हा दाखला भारी आहे, मान्य. पण तिथे पार्श्वसंगीत आहेच किती? मोजक्या जागा, आणि तिथेही संवाद नाहीत. दृश्य बाजूला सरतं आणि गाण्याला मैदान मोकळं मिळतं. ‘प्रिन्सेस ब्राइड’मध्ये संगीत लोकांच्या बोलण्याखालून, धावण्यातून, मारामारीतून जातं. सतत सोबत राहायचं तर आवाजात टिकाऊपणा हवा. नाही तर ‘लेडीहॉक’ होतो. १९८५चा, रिचर्ड डॉनरचा. शापित प्रेमिक, ससाणा, लांडगा, काय सुंदर गोष्ट! आणि त्यावर अँड्र्यू पॉवेलचा रॉक आणि सिंथेसायझर, निर्मितीला ॲलन पार्सन्स. सिनेमा आवडणारी माणसंही संगीताचा विषय निघाला की कपाळाला हात लावतात. त्याच्या दोनच वर्षांनी रायनरनं तोच खड्डा निवडला.

भाची: खड्डा तोच दिसतो, पण ‘लेडीहॉक’मध्ये गोष्ट सांगणारा कुणी नाही. आपण थेट मध्ययुगात उभे, त्यामुळे ड्रम कानात खुपतात. ‘प्रिन्सेस ब्राइड’ची सुरुवात आठव. सगळ्यात आधी काय ऐकू येतं? आजारी पोराचा खोकला आणि बेसबॉलच्या व्हिडिओ गेमचे बीप-बीप. आजोबा येतात, पीटर फॉक, हातात जुनं पुस्तक. कादंबरीतल्या त्या लबाड निवेदकाची जागा त्यांनी घेतली आहे. यानंतर दिसणारी नायिका बटरकप, नायक वेस्टली, दैत्यासारखा फेझिक, सगळे त्या पोराच्या डोक्यात आहेत. त्याचे कान १९८७चे आहेत. गेमच्या आवाजांवर वाढलेल्या पोरानं राज्य कल्पिलं तर त्याचं संगीत सिंथेसायझरवरच वाजणार!

मामा: हं. चलाख आहेस. हे नॉफ्लर किंवा रायनर कुठे म्हणाले आहेत का?

भाची: मी म्हणतेय. संकलकाला चित्र आणि आवाज जोडून बघायची खोड असते.

मामा: मग तुझ्याच खोडीनं उत्तर देतो. पोरगा सुरुवातीला काय म्हणतो? चुंबनबिंबन असलेली गोष्ट नको. शेवटी? आजोबा शेवटचं चुंबन गाळायला निघतात तर हा सांगतो, असू दे, वाचा. म्हणजे पोरगा बदलला. कथेत शिरला, विरघळला. संगीत त्याच्या कानांतलं असेल तर तेही बदलायला हवं होतं. सुरुवातीला तुझे ते बीप-बीप, गिटार, कीबोर्ड, चालेल. पण ती ज्वाळा ओकणारी अग्निदलदल आली, सुडाचा प्रसंग आला, तोवर तो गेम विसरलाय. तिथे खऱ्या स्ट्रिंग्जनी हळूच शिरून खोली भरून टाकायची होती. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच मापाचा राहिला. माझी तक्रार गिटारवाला निवडण्यावर नाही, त्याला एकट्याला सोडण्यावर आहे. गाय फ्लेचरचे कीबोर्ड सोबत होते, पण सोबत अरेंजर हवा होता.

भाची: याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही. पण त्या लहान मापातही एक शहाणपण आहे. शेवटपर्यंत आपण आजाऱ्याच्या खाटेशीच बसलेलो असतो. आजोबा अधूनमधून थांबतात, पोराला भीती तर वाटत नाही ना ते विचारतात. मोठ्या वाद्यवृंदाला असं मध्येच थांबवणं अवघड. तो पूर्ण वेगात आणायचा, आजोबा बोलले की तोडायचा, पुन्हा उचलायचा, म्हणजे दर वेळी धक्का. गिटार कुठेही थांबते आणि कुठूनही सुरू होते, आजोबांच्या आवाजासारखी.

मामा: तंत्र म्हणून बरोबर बोललीस. पण हा हिशेब निवडीच्या वेळी कुणी मांडला असेल असं वाटत नाही. दोनच वर्षांपूर्वी ‘डायर स्ट्रेट्स’चा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हा अल्बम जगभर वाजला होता. नाव मोठं, झालं. आणि तो टोपीचा किस्सा सगळे कौतुकानं सांगतात.

भाची: कौतुकाचाच आहे. रायनरनं १९८४ मध्ये ‘धिस इज स्पायनल टॅप’ काढला होता, एका नसलेल्या रॉक बँडचा खोटा माहितीपट. त्यात माहितीपट करणारा दिग्दर्शक तो स्वतःच झाला होता, डोक्यावर बेसबॉलची टोपी. नॉफ्लरनं अट घातली, संगीत देतो, पण ती टोपी या सिनेमात कुठेतरी दिसली पाहिजे. मूळ टोपी सापडेना, म्हणून तशीच एक पोराच्या खोलीत लटकवली. नंतर नॉफ्लर म्हणाला, मी थट्टा केली होती.

मामा: म्हणून काम द्यायचं? थट्टा आवडणारे संगीतकार शेकड्यांनी आहेत.

भाची: टोपी सोड, काम बघ. काम मिळालं ते ‘लोकल हीरो’सारख्या कामाच्या बळावर, असं मला वाटतं. बिल फोर्साइथचा सिनेमा, १९८३चा. अमेरिकन तेल कंपनीचा माणूस स्कॉटलंडमधलं किनाऱ्यावरचं अख्खं गाव विकत घ्यायला येतो आणि त्या गावाच्याच प्रेमात पडतो. विनोदी सिनेमा. नॉफ्लर त्यात एकाही विनोदावर बोट ठेवत नाही. धून लपवून ठेवतो, तुकड्यांनी दाखवतो आणि माणूस गाव सोडून परततो तेव्हा ती पूर्ण मोकळी करतो. विनोदात वाट पाहणं ज्याला जमतं त्याला अद्भुत विनोदी कादंबरी द्यावी, एवढं मी त्यावरून शिकले. राजवाड्यांचे सिनेमे केलेत का, हे नंतर विचारता येतं.

मामा: वाट पाहणं म्हणतेस, आणि तलवारीचं द्वंद्व? इनिगो आणि काळ्या वेशातला वेस्टली कड्याच्या माथ्यावर. कॅरी एल्विस आणि मँडी पटिनकिन, दोघं बॉब अँडरसन आणि पीटर डायमंड यांच्याकडे कित्येक महिने घाम गाळून शिकले. डाव्या हातानं, उजव्या हातानं, खरे लढताहेत. पात्यांचा खणखणाट हेच तिथलं संगीत होतं. तुझा नॉफ्लर काय करतो? पात्यांच्या मागे धावतो. उडी मारली की इकडे ठसका, वार चुकवला की तिकडे. कार्टूनला करतात तसं.

भाची: इथे मी तुझ्या बाजूची. ते द्वंद्व मी एकदा संगीताशिवाय मनात ऐकून पाहिलं. दोघं लढता लढता एकमेकांचं कौतुक करताहेत, जुन्या तलवारगुरूंच्या डावांची नावं घेताहेत. बोलण्याला आणि पात्यांना मिळून एक लय आहेच. कुठे वाजवू नये हे ठरवण्यात तिथे चूक झाली.

मामा: आता मीही एक देऊन टाकतो. वेस्टलीचा शोध लागत नाही तेव्हा इनिगो जंगलात डोळे मिटून मेलेल्या बापाला हाक मारतो, माझ्या तलवारीला वाट दाखव म्हणतो. हास्यास्पद प्रसंग आहे, तलवार पुढे धरून आंधळ्यासारखा चालतोय. तिथे नॉफ्लर अगदी साधं वाजवतो. ना थट्टा, ना गहिवर. तिथे मला अंगावर काटा आला, कीबोर्ड असूनही. आणि लगेच पुढे तलवार झाडाला लागते, गुप्त दार उघडतं, आपण हसतो. त्या दोन क्षणांच्या मधे संगीतकार उभा होता आणि त्यानं दोन्हीतलं काहीच बिघडवलं नाही.

भाची: म्हणजे निवडीची कसोटी सापडली की! नाव, प्रकार, वाद्यं हे सगळं राहू दे. कादंबरी ज्या जागी थट्टा सोडते तो प्रसंग हुडकायचा आणि संगीतकाराला नमुना म्हणून तोच करायला द्यायचा. विनोदी प्रसंग दिला तर प्रत्येक जण बासून वाजवून आणेल.

मामा: आणि तो देताना त्यावर कुणाचंही तात्पुरतं संगीत लावून द्यायचं नाही. तुम्ही संकलक मंडळी फार करता हे. दुसऱ्याच सिनेमाचा ट्रॅक लावून कापत बसता. दोन महिने तेच ऐकून दिग्दर्शकाचे कान त्याला सोकावतात. मग नव्या संगीतकाराला निरोप येतो, असंच करा पण वेगळं करा. विनोदी अद्भुतात तर हमखास कुणाच्या तरी भव्य सिनेमाचा ट्रॅक लागतो आणि पुढे सगळं त्याच्या सावलीत.

भाची: गुन्हा कबूल. पण योगायोगानंही कधी बरं होतं. ‘प्रिन्सेस ब्राइड’मधलं शेवटचं ‘स्टोरीबुक लव्ह’ हे गाणं गायक विली डीव्हिलचं. नॉफ्लर त्या सुमारास त्याच्या ‘मिरॅकल’ अल्बमची निर्मिती करत होता, आणि गाणं या गोष्टीला चपखल बसतंय हे त्याच्या लक्षात आलं. ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस मात्र ‘डर्टी डान्सिंग’च्या गाण्यानं नेलं.

मामा: ती सुरावट भक्कम आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. म्हणून तर पुढे या सिनेमाच्या मैफली सुरू झाल्या, वर पडदा आणि खाली पूर्ण वाद्यवृंद. त्यासाठी सगळं संगीत नव्यानं वाद्यवृंदाला लिहून घ्यावं लागलं. सांग, कोण बरोबर ठरलं?

भाची: त्या वाद्यवृंदानं वाजवलं काय?

मामा: नॉफ्लरच्याच धुना.

भाची: मग?

मामा: मग दोन माणसं लागतात, असं म्हण. धून आणणारा एक आणि ती कुठे किती फुलवायची ते जाणणारा दुसरा. रायनरनं पहिला अचूक निवडला, दुसरा निवडलाच नाही. त्यात पैशाचाही प्रश्न असेल. या प्रकारच्या सिनेमावर निर्माते आधीच बिचकतात.

भाची: बिचकत होतेच. पुस्तकाचे हक्क एका स्टुडिओनं घेतले, सिनेमा रखडला, गोल्डमननं स्वतःचे पैसे घालून ते परत घेतले. शेवटी रायनर आला. अशा घरात चाळीस व्हायोलिनं मागणाऱ्याला दार दाखवलं असतं. म्हणूनच मला वाटतं, एकच निवडायचा असेल तर धूनवाला निवडावा. वाद्यवृंद तीस वर्षांनीही लावता येतो. धून नसेल तर लावणार कशाला?

मामा: आणि मी म्हणतो, तीस वर्षं प्रेक्षकानं पुठ्ठ्याच्या राज्यात का राहावं? यावर आपलं जमायचं नाही. पण तुझी ती कसोटी मी घेतो, एक दुरुस्ती करून. नमुना मागायच्या आधी संगीतकाराच्या हातात पटकथेऐवजी कादंबरी ठेवायची. पटकथेत विनोद उरतात, लेखकाची लाज उरत नाही.

भाची: आणि तो वाचताना कुठे कुठे हसतो ते बघायचं?

मामा: कुठे हसायचा थांबतो ते बघायचं.